एकाच खिशातला फुटबॉल

आयुष्यभर बँकेत काउंटरमागे बसलो आणि संध्याकाळी एका फुटबॉल क्लबची खजिनदारी केली, त्यामुळे खेळाकडे बघायची माझी नजर जरा वाकडी आहे. गोल कुणी मारला हे कळायच्या आधी मला प्रश्न पडतो, याच्या बुटाचे पैसे कुणी दिले? आमचा क्लब लहान, छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर खेळणारा. खर्चाच्या बाजूला फक्कीच्या गोण्या, गोलच्या जाळ्या, रेफ्रीचं मानधन, जर्सीची छपाई, बाहेरगावी स्पर्धा असली की लाल डब्याचं भाडं आणि पोरांचं जेवण. जमेच्या बाजूला दोन डॉक्टर, एक हार्डवेअरवाले, जुने खेळाडू, गल्लीतल्या पाच-पन्नास पावत्या आणि निवडणुकीच्या वर्षी एखादे इच्छुक नगरसेवक. हे इच्छुक निकालानंतर सापडत नाहीत, म्हणून त्यांची रक्कम मी कधी पुढच्या वर्षाच्या अंदाजात धरली नाही.

असल्या वहीवर चालणारा क्लब रडतखडत का होईना तगतो आणि करोडोंच्या वहीवर चालणारे बंद पडतात, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत महिंद्रा युनायटेड गेला, पुणे एफसी गेला, भारत एफसी एका हंगामात आटोपला, डीएसके शिवाजियन्स गेला, मुंबई एफसी गेला, एफसी पुणे सिटी गेला. यातले बरेचसे देशाच्या वरच्या पायरीवर खेळणारे. एवढे क्रिकेटचे संघ बंद पडले असते तर विधानसभेत लक्षवेधी लागली असती.

आमच्या भागाचं फुटबॉलशी नातं जुनं आहे, आणि ते मुंबई-पुण्याकडून आलेलं नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी नाव असायचं ते हैदराबाद सिटी पोलिसांचं. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला हा संघ. ‘मैदान’ सिनेमामुळे आता नव्या पोरांनाही रहीमसाहेब माहीत झालेत. या पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स १८९१ साली सुरू झालेली, देशातल्या सगळ्यांत जुन्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजच्या मैदानावर ती बघायला गर्दी लोटायची आणि दिलीपकुमारसारखा शौकीन स्टँडमध्ये दिसायचा. नव्या शतकाच्या सुरुवातीला तीही थांबली. ११० वर्षांची स्पर्धा, आणि ती बंद झाल्याचं अनेकांना दोन-तीन वर्षांनी कळलं.

त्या काळात पैसा कुठून यायचा, हे समजून घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. मुंबईत फुटबॉल सांभाळला तो कंपन्यांनी, गिरण्यांनी, रेल्वेने आणि बँकांनी. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, कॅलटेक्स, एअर इंडिया, आरसीएफ, दोन्ही रेल्वे. खेळाडू कागदावर कारकून किंवा मदतनीस असायचा. सकाळी सराव, दुपारी हजेरीपटावर सही, महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याचा पगार आस्थापना खर्चात पडायचा. या खात्याकडे कुणी फारसं वाकून बघत नाही. सामन्याला शंभर माणसं आली काय आणि दहा हजार आली काय, एक तारखेला पगार व्हायचाच.

उदारीकरणानंतर हा खर्च हळूच दुसऱ्या खात्यात गेला, जाहिरातीच्या. आता संघ म्हणजे कंपनीच्या नावाची चालतीबोलती पाटी. जाहिरातीच्या खर्चाला मात्र दरवर्षी जाब द्यावा लागतो: किती लोकांनी बघितलं, टीव्हीवर किती वेळ दिसलं? इथे भारतीय क्लबांची दांडी उडाली. पंजाबच्या जेसीटीने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. त्यांनी २०११ मध्ये संघ मोडला तेव्हा कारण हेच दिलं की, खेळ दिसतच नाही, मग पैसे कशाला ओतायचे? त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, महिंद्रा युनायटेडही संपला होता. १९६२ पासून चालत आलेला, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, ड्युरँड आणि फेडरेशन कप नेलेला हा संघ. कंपनीने सांगितलं, आम्ही शालेय फुटबॉलकडे वळतोय. निर्णय बेकायदा नव्हता, बेइमानीचाही नव्हता. मालकाचा संघ, मालकाने बंद केला. पण जवळपास पन्नास वर्षं जुना क्लब बंद होताना मुंबईत मोर्चा सोडा, साधी निषेधसभा झाल्याचंही माझ्या कानावर आलं नाही.

पुण्याचं उदाहरण मला जास्त लागलं, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुणे एफसी २००७ साली पिरामल समूहाने काढला. डेरिक परेरांसारखा प्रशिक्षक, स्वतःची अकादमी, वेळेवर पगार. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये ते देशात दुसरे आले. आमच्या क्लबची पोरं घेऊन मी बालेवाडीला सामने दाखवायला जायचो. पहाटेची एसटी, शिवाजीनगरहून पुढे पुन्हा बस. मैदान हिरवंगार, खेळ आमच्या पोरांनी कधी न पाहिलेला, आणि स्टँडमध्ये माणसं इतकी तुरळक की बॉल पोस्टला लागल्याचा टण् आवाज वरपर्यंत स्वच्छ ऐकू यायचा. पोरांना गंमत वाटायची, माझ्या पोटात गोळा यायचा. त्याच मैदानावर काही हंगाम मुंबई एफसीही ‘घरचे’ सामने खेळत होता, कारण कूपरेजची दुरुस्ती चालू होती. दादर-परळच्या माणसाने घरचा संघ बघायला दीडशे किलोमीटर जायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने आयुष्यात तिकीटखिडकीवर उभं राहून पाहिलं नसावं.

२०१५ मध्ये पिरामलांनी हात काढून घेतला. तोवर २०१४ ची इंडियन सुपर लीग आली होती, सिनेमातले तारे मालक म्हणून मिरवत होते, आणि पुण्यातच एफसी पुणे सिटी उभा राहिला होता. त्याचे मालक वाधवान. २०१९ मध्ये त्यांचा उद्योगसमूह कर्जाच्या गाळात रुतला आणि क्लबही बुडाला. लीगमधली ती जागा गेली हैदराबादला. रहीमसाहेबांच्या शहराला शेवटी संघ मिळाला तो पुण्याच्या दिवाळखोरीतून. हैदराबाद एफसीने २०२१-२२ चं विजेतेपदही मिळवलं. मग तिथेही खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलले आणि २०२५ मध्ये संघाचं बिऱ्हाड दिल्लीला हललं. सरकारी नोकराची बदली व्हावी तशी ही क्लबाची बदली.

हे दुखणं फक्त आपलं आहे असं मला वाटायचं. हा समज भाच्याने मोडला. तो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ एका कारखान्यात आहे. वाळूजला बजाजमध्ये उमेदवारी केलेला, मोटारसायकलचा वेडा. त्याच्याकडून मला ‘स्पीडवे’ हा खेळ कळला. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, ५०० सीसीची गाडी आणि गाडीला ब्रेक नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत, मातीचा फवारा उडवत जायचं. मिनिटभरात शर्यत खलास. १९२८ पासून इंग्लंडमध्ये याचे क्लब निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर वेम्बलीवर हजारोंनी माणसं हा खेळ बघायला यायची. नंतर टीव्ही आला, घरोघरी गाड्या आल्या, करमणुकीला शंभर वाटा फुटल्या आणि गर्दी ओसरत गेली. या क्लबांचा पोटापाण्याचा मुख्य आधार तिकीटबारी. माणसं घटली की स्वारांचे पैसे द्यायला अडचण, चांगले स्वार पोलंडला जास्त पैसे मिळतात म्हणून तिकडे, आणि चांगले स्वार नाहीत म्हणून माणसं आणखी कमी.

त्याहून मोठा घाव जागेचा. बहुतेकांची स्टेडियमं भाड्याची. कॉव्हेंट्रीचा ‘बीज’ हा क्लब १९२८ पासूनचा. त्यांचं ब्रँडनचं स्टेडियम बिल्डरकडे गेलं आणि २०१६ नंतर तिथे शर्यत झाली नाही. वुल्व्हरहॅम्प्टनचा क्लब २०२३ अखेर बंद पडला, कारण स्टेडियम कुत्र्यांच्या शर्यतींना हवं होतं. पीटरबरोचंही त्याच वर्षी तेच झालं, जागा विकासाला गेली. भाचा सांगतो, कॉव्हेंट्रीच्या चाहत्यांनी समिती काढली, वकील लावले, ब्रँडनवर घरं बांधायच्या प्रस्तावाविरुद्ध वर्षानुवर्षं झगडले. त्यातले कितीतरी सत्तरीचे आजोबा. स्टेडियमला आग लागून नुकसान झालं तरी मंडळी हटली नाहीत.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यातला हिशेब जुळला. तिथे क्लब मेला, पण माणसं उरली. इथे क्लब मेला तेव्हा उरायला माणसंच नव्हती. तिकिटाच्या पैशावर आजच्या दराने व्यावसायिक संघ चालत नाही, हे मलाही कळतं. परदेशी खेळाडूचा पगार, विमानं, हॉटेलं यांच्यापुढे शंभर-दोनशेच्या तिकिटाची काय मातब्बरी! पण स्टँडमधली गर्दी मालकाच्या हाताला धरून ठेवते. तीस हजार लोक रस्त्यावर येतील अशी भीती असेल तर कुठलाही उद्योगपती क्लब बंद करण्याच्या कागदावर सही करायला दहादा विचार करतो. बालेवाडीच्या रिकाम्या खुर्च्यांना कोण घाबरणार?

महाराष्ट्रात ही भीती फक्त कोल्हापुरात आहे. तिथे राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा किंवा दिलबहार विरुद्ध प्रॅक्टिस असा सामना लागला की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. हे क्लब म्हणजे मुळात तालीम मंडळं. कुस्ती, गणपती, शिवजयंती आणि फुटबॉल एकाच छपराखाली. पैसा कुणा एका शेठचा नसतो. पेठेतला सोनार देतो, भाजीवाला देतो, पुण्यात नोकरीला गेलेला पोरगा पाठवतो, नेतेही देतात. नायजेरियाचे खेळाडू आणून ठेवण्याइतपत जमतं. १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापूरची आरती ओवाळायची नाही मला. हुल्लडबाजी, दगडफेक, त्यापायी थांबवलेले सामने, हेही तिथलंच. शिवाय पेठेबाहेर, राष्ट्रीय पातळीवर जायला हे क्लब बिचकतात, कारण तिथला खर्च वर्गणीच्या आवाक्याबाहेरचा. पण एक मालक रुसला म्हणून तिथला क्लब बंद पडत नाही.

वरचा मजला किती पोकळ आहे, ते २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. फुटबॉल महासंघाने २०१० साली एका व्यावसायिक भागीदाराशी १५ वर्षांसाठी ७०० कोटींचा करार केला होता. तो संपत आला, नवा ठरेना, आणि जुलैमध्ये सुपर लीगचा पुढचा हंगामच टांगणीला लागला. क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगार रोखले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सगळ्या देशाचा फुटबॉल एका करारावर, एका भागीदारावर टेकलेला! त्याच डिसेंबरमध्ये मेस्सी मुंबईत आला. वानखेडेवर हजारो रुपयांची तिकिटं काढून माणसं गेली. त्याने सामना खेळला नाही, हात हलवला, चेंडू गर्दीत मारले. आमच्या क्लबची दोन पोरं उसने पैसे घेऊन गेली होती. मी त्यांना रागावलो नाही. मेस्सीवर प्रेम करायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र लीग बंद असल्याचं त्या दोघांना ठाऊकही नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये ती नेहमीपेक्षा छोट्या स्वरूपात सुरू झाली.

मला विचाराल तर महाराष्ट्रात नवा मोठा क्लब काढायची घाई कुणी करू नये. आधी जिल्ह्याजिल्ह्यात दोनशे माणसं नेमाने येतील असे सामने व्हावेत, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. आमखासवर हे अवघड आहे, कारण मैदान सगळ्यांचंच. कधी सभा, कधी मेळावा, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खड्डे बुजवत खिळे वेचत बसतो. महापालिकेने वर्षातले ठरावीक रविवार फुटबॉलसाठी लेखी राखून दिले तरी पुष्कळ. पैसे नकोत आम्हाला, तारखा द्या.

आणि संभाजीनगरकरांना एक विनंती. हंगामाच्या तोंडावर पोरं दारात पावतीपुस्तक घेऊन येतील तेव्हा शंभराची पावती जरूर फाडा. पण तेवढ्यावर सुटका करून घेऊ नका. सामन्याला या, रेफ्रीवर ओरडा, आणि वर्षाअखेरी खजिनदाराकडे हिशेब मागा. आमची वही कुणालाही बघायला मिळते.