गाव त्यांचे, घर दोघांचे

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. ते खरेच आहे. पण निवृत्तीनंतर गावी येऊन घर बांधणारी जोडपी पाहिली, की वाटते, घर एकदाचे बांधून होते; त्या घरात माणसांचे येणे-जाणे सुरू होणे हे खरे अवघड काम. वाचक बंधु-भगिनींनो, आज पीक-पाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवून या कामाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. असे एखादे जोडपे तुमच्या गल्लीत आले असेल, किंवा उद्या तुम्हीच त्या जागी असाल.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. या कोरडवाहू पट्ट्यातली पुष्कळ माणसे पोटासाठी सोलापूरला गेली. कोणी कापडगिरणीत लागले, कोणी यंत्रमागावर, कोणी एस. टी. त. म्हातारपणी त्यातले काही जण परत येतात. असेच एक जोडपे माझ्या ओळखीचे आहे. आपण त्यांना अण्णा आणि वहिनी म्हणू.

अण्णा एस. टी. च्या कार्यशाळेत होते. वहिनी मोहोळकडच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि तीस वर्षे त्यांनी विड्या वळल्या. निवृत्तीनंतर वडिलांच्या पडक्या माळवदाच्या जागी दोघांनी दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले.

अण्णांचे बस्तान आठ दिवसांत बसले. शाळेतले सोबती पारावर भेटले आणि मधली तीस-पस्तीस वर्षे जणू नव्हतीच. वहिनींचे तसे झाले नाही. सोलापुरात रोज सकाळी वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला चार-पाच जणी मिळून जात. सुखदुःख त्या वाटेवरच बोलून होई. ती सोबत एका दिवसात तुटली. वळसंग हे त्यांचे सासर खरे, पण लग्नकार्याला आणि सणाला येऊन गेलेले. शेजारच्या बायका आपसात कन्नड बोलत, ते यांना कळत नसे. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, गाव ह्यांचं हाय. माझं हितं निस्तं घर हाय."

या वाक्याचा जरा विचार करा. पुरुष निवृत्त होतो तेव्हा तो आपल्या गावी परत येतो. बाई मात्र दुसऱ्यांदा सासरी येते, आणि तेही साठीला. नवी नवरी आली म्हणजे सारी गल्ली हळदीकुंकवाला बोलावते. साठीच्या बाईला आपण होऊन कोण बोलावणार? म्हणून नव्या घराचा विचार करताना दगड-विटांच्या आधी या गोष्टीचा विचार झाला पाहिजे.

कट्टा आधी, भिंत नंतर

शहरात राहिलेला माणूस गावी घर बांधतो तेव्हा प्रथम पुरुषभर उंचीची भिंत आणि लोखंडी फाटक घालतो. अण्णांनीही तेच केले होते. पण बंद फाटक दिसले, की येणारा माणूस तसाच पुढे जातो. शेवटी वहिनींच्या आग्रहावरून रस्त्याच्या बाजूची भिंत कंबरेएवढी उतरवली आणि कडुनिंबाच्या सावलीत बसता येईल असा कट्टा बांधला. आता दुपारची कामे उरकली की बायका तिथे टेकतात.

घर बांधताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माळवदाची जाड माती घर थंड ठेवीत असे, स्लॅब तापतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. फाल्गुनातच स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्या, पश्चिमेला सावलीचे झाड लावा. आणि न्हाणीघराची फरशी खरबरीत, उंबरा नसलेली घ्या. भिंतीला धरायला एक दांडी बसवा. म्हातारपणी पाय घसरून मोडलेले हाड लवकर सांधत नाही.

परसबागेतून शेजार

मी शेतीखात्यातला माणूस. मला परसबागेवाचून राहवत नाही. वहिनींना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. दोन फुटी खड्ड्यात शेणखत घालून शेवग्याची दोन झाडे लावा. पीकेएम-1 ही जात साधारण सहा महिन्यांत फुलावर येते. शेंगा संपल्या की झाड तीन-चार फुटांवर छाटा, म्हणजे पुढच्या शेंगा हाताला येतात, शिडी नको. सोबत कढीपत्ता, कागदी लिंबू आणि मांडवावर दुधी-दोडका. भांडी-भाजी धुतलेले पाणी यांना पुरते. साबणाचे पाणी मात्र केळी-अळूकडे सोडा.

दोन माणसांना एवढा भाजीपाला संपत नाही, आणि यातच खरा फायदा आहे. वहिनींनी शेंगांच्या जुड्या शेजारी दिल्या. दिलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही आपली रीत. भांड्यातून कधी खारे शेंगदाणे आले, कधी शेंगाचटणी. मग कढीपत्ता मागायला मुली येऊ लागल्या. वहिनी 'बर्री', म्हणजे या, आणि 'ऊटा आत्री?', म्हणजे जेवण झाले का, एवढे कन्नड शिकल्या. उच्चार चुकले तेव्हा बायका हसल्या, आणि हसल्या म्हणूनच जवळ आल्या.

पुढे मार्गशीर्षातली येळवस आली. या दिवशी शेतात कडब्याची खोप करून पाच पांडवांची पूजा होते आणि भज्जी, आंबिल, उंडे, भाकरी घेऊन मित्रमंडळी शेतातच जेवतात. दिराच्या शेतात त्या वर्षी वहिनींनी स्वतः सहा घरे बोलावली. बोलावणे येण्याची वाट पाहिली नाही. माझ्या मते त्या दिवशी त्यांचे घर खऱ्या अर्थाने गावात आले.

जुन्या मैत्रिणी सोडू नका

नवे शेजारी जोडले म्हणून जुनी माणसे तोडायची नसतात. वहिनींच्या दोन मैत्रिणी याच रस्त्यावरच्या कुंभारीला राहतात. तिथे 2006 साली विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. 17 मार्च 2023 पासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा भेटणे परवडते. त्या दिवशी अण्णा स्वतः भाकरी-पिठल्याचे पाहतात. निवृत्ती एकट्या पुरुषानेच घ्यायची असते काय?

कागद पक्का करा

ज्या घरात एवढा जीव लावायचा, ते कागदावरही दोघांचे हवे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 वर पति-पत्नी दोघांची नावे लावावीत, हे धोरण शासनाने 2003 साली घेतले आहे. ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. तसेच प्रेमाच्या भरात हयातीतच घर मुलांच्या नावे करण्याची घाई करू नका. करायचेच झाले तर बक्षीसपत्रात 'आई-वडिलांचा सांभाळ करावा' ही अट लिहून घ्या. अट मोडली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते रद्द करून घेता येते. ज्येष्ठांसाठी 14567 हा मदतीचा दूरध्वनीही आहे. मुले चांगली असली, तरी कागद पक्का असावा. त्याने प्रेम कमी होत नाही.

आता शेवटचे सांगणे तुम्हा शेजाऱ्यांना. तुमच्या गल्लीत असे जोडपे आले, तर पुरुषाला पारावर जागा मिळेलच. त्याच्या घरच्या बाईला मात्र आठवणीने हाक मारा. संक्रांतीच्या वाणाला, हुरड्याला, पापड लाटायला बोलवा. तिला येत नसेल ते शिकवा, आणि तिच्याकडे आहे ते शिकून घ्या. खर्च काही नाही, आणि एका माणसाचे म्हातारपण मात्र गोड होते. बघा, पटते का.