देवाचा दरबार

दरबार हा शब्द आमच्या घरात मोठ्या अदबीने उच्चारला जाई. वडील दरबारी गवई. चाकरी, मानपान, बिदागी या साऱ्यांचा उगम त्यांच्या लेखी तिथेच. म्हणूनच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी उतारवयात स्थापलेल्या संघाचे नाव ‘देवाचा दरबार’ होते, हे वाचून मला नवल वाटले. गवई दरबारात जातो तो पोटासाठी. टिळक तर मिशनचे वेतन सोडून या दरबारात गेले! तिथे त्यांना मिळाले तरी काय?

टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. कवित्व होते, विद्या होती, वाणी होती. पण चित्त कोठे ठरत नव्हते. राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर पडली. जात गेली, आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा काही वर्षे दुरावले. लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या प्रतीतीने बाप्तिस्मा घेतला.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू विपुल जीवनाचे अभिवचन देतो. एवढे गमावलेल्या माणसाचे जीवन विपुल कसे म्हणावे? मी ख्रिस्ती नव्हे. मला हे उमगते ते तंबोऱ्यावरून. तारा चोख मिळाल्या की त्यांतून गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्या स्वराची तार तंबोऱ्याला नसते. टिळकांचे तसेच झाले. देवावरील प्रेमाचा षड्ज लागला आणि आधीचे सारे भरून वाजू लागले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. मराठी ख्रिस्ती उपासनेत पाश्चात्त्य चालींची गीते रुळली होती. तिथे त्यांनी अभंग आणि भजन आणले, कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगितली. ख्रिस्तापाशी येताना त्यांना आपली मायबोली उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली नाही.

१९१७ साली ते मिशनच्या सेवेतून मोकळे झाले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्तावर प्रेम एवढीच अट. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. एकेकाळी ज्या श्रद्धेपायी त्यांचा संसार मोडला होता, तिचेच महाकाव्य त्यांच्या हातून पूर्ण झाले.

संस्थाने विलीन झाली, दरबार बंद पडले. माझ्याकडे पेटी शिकायला येणारी ख्रिस्ती मुले मात्र रविवारच्या उपासनेसाठी टिळकांची भजने अजून बसवून घेतात. बिदागीची चौकशी कोणी करीत नाही.