बंदिस्त जागेतील गांजाची लागवड आणि कार्बन डायऑक्साइडची भूमिका

कार्बन डायऑक्साइड हा प्रकाशसंश्लेषणाचा कच्चा माल आहे, हे सर्वपरिचित आहे. तथापि हा वायू विकत घेऊन वनस्पतींना पुरविणारे उत्पादकही आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ पासून गांजाची कायदेशीर विक्री सुरू झाली आणि तेथे बंदिस्त लागवडीचा मोठा विस्तार झाला. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने या वायूच्या भूमिकेचे विवेचन केले आहे. (भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना लागवड दंडनीय आहे. येथील चर्चा वनस्पतिशास्त्रीय व पर्यावरणीय स्वरूपाची आहे.)

गांजा ही सी-३ गटातील वनस्पती होय. या गटात कार्बन स्थिर करणारे रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनशीही संयोग पावते व प्रकाशश्वसनात स्थिर झालेल्या कार्बनचा काही भाग वाया जातो. सभोवती कार्बन डायऑक्साइड वाढला की ही गळती घटते. ऊस, ज्वारी, मका या सी-४ पिकांच्या पानांतच हा वायू एकवटण्याची यंत्रणा असल्याने त्यांना असा लाभ फारसा होत नाही. मिसिसिपी विद्यापीठातील चंद्रा व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० वरून ७५० केल्यावर गांजातील प्रकाशसंश्लेषणाचा वेग सुमारे ५० टक्क्यांनी वाढला. पाणी वापरण्याची कार्यक्षमता तर दुपटीहून अधिक झाली, कारण पर्णरंध्रे अंशतः मिटल्याने बाष्पोत्सर्जन घटते. मात्र ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेले मर्यादक घटकांचे तत्त्व येथेही लागू पडते. प्रकाश अपुरा असेल तर वायू कितीही पुरविला तरी तो व्यर्थ जातो.

बाहेरच्या हवेत हा वायू आज दशलक्ष भागांत सुमारे ४२५ आहे. दाट झाडांच्या बंद खोलीत दिवे लागताच तो याहूनही खाली येतो. म्हणून सिलिंडरमधून अथवा इंधनवायू जाळून त्याची भर घातली जाते. खरी अडचण येथूनच सुरू होते. वायू टिकवायचा तर वायुवीजन थांबवावे लागते आणि ते थांबविले की दिव्यांची उष्णता व पानांची आर्द्रता काढण्यासाठी यंत्रे अखंड चालवावी लागतात. उलट खोली हवेशीर ठेवली तर विकत घेतलेला वायू बाहेर जातो आणि आत येणारी प्रत्येक घनमीटर हवा तापवावी वा थंड करावी लागते. कामगारांचा प्रश्नही दुय्यम नाही. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी या वायूची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ५००० असून हा वायू गंधहीन असल्याने गळती नाकाला कळत नाही.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या गणनेनुसार एक किलोग्रॅम वाळलेल्या फुलांमागे, स्थळपरत्वे, २२८३ ते ५१८४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य उत्सर्जन होते. एक किलोग्रॅम फुलांमध्ये स्थिर झालेला कार्बन एक किलोग्रॅमहूनही कमी असणार, हे उघड आहे. हा भार मुख्यतः दिवे आणि हवेचे नियमन यांचा असला तरी पुरविलेला वायूही त्यात मोजलेला आहे.