बीडचे गुणवंत कुठे शिकतात आणि त्यांचा खर्च कोण उचलतो

बीड जिल्ह्यात दहावीला नव्वदच्या पुढे टक्के पडले की घरात आधी गावाची चर्चा होते आणि कॉलेजची मागाहून. अंबाजोगाई, परळी, केज, धारूर या तालुक्यांतल्या विज्ञानाच्या मुलांचा ओढा लातूरकडे असतो. गेवराई, माजलगावचे पालक छत्रपती संभाजीनगरकडे बघतात. आष्टी, पाटोद्याच्या मुलांना अहिल्यानगर आणि पुणे सोयीचे. ‘पोराला लातूरला टाकलंय’ हे वाक्य या भागात अभिमानाने सांगितले जाते आणि त्यात खर्चाची धास्तीही असते.

घर सोडणे काहींच्या बाबतीत दहावीच्याही आधी सुरू होते. गेवराई तालुक्यातल्या गढी इथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या ८० जागा प्रवेश परीक्षेतून भरतात आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी असतात. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश हे सगळे केंद्र सरकारच्या पैशातून होते. हुशार पण गरीब मुलासाठी जिल्ह्यात यापेक्षा भक्कम सोय नाही, कारण इथे फीसोबत पोटाचाही विचार झालेला आहे.

शिकण्यासाठी घर सोडण्याची सवय इथे जुनी आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि पदवीसाठी उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. तरी जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईने, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादने, शिक्षणाचे गाव म्हणून नाव कमावले. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथल्या शाळेत काम केले, आणि पुढे त्यांच्याच नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्या गावात उभे राहिले. आज डॉक्टर व्हायला निघालेला बीडचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला जातो आणि नशिबाने साथ दिली तर एमबीबीएससाठी अंबाजोगाईला परत येतो. घराजवळचे सरकारी मेडिकल म्हणजे या भागातल्या कुटुंबाला लागलेली लॉटरीच.

लातूरकडे ओढ लागली ती ‘लातूर पॅटर्न’मुळे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बारावीच्या अभ्यासाला घोटून घेण्याची शिस्त लावली: अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि मग चाचणीमागून चाचणी घ्यायची. त्या काळी बारावीच्या गुणांवरच मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश ठरत, त्यामुळे बोर्डाच्या यादीत नाव येणे म्हणजे भविष्य पक्के होणे. पुढे सीईटी आली, मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली, मग नीट आली. कॉलेज नावापुरते राहिले आणि वजन क्लासकडे सरकले.

‘मेरिट स्कॉलरशिप’ हा शब्द गावोगावच्या फ्लेक्सवर दिसू लागला तो इथूनच. दहावीच्या सुट्टीत खासगी क्लास परीक्षा घेतात आणि वरच्या मुलांना फीत मोठी सूट, कधी पूर्ण माफी देतात. हा पैसा कुठल्या दानशूर माणसाचा नसतो. पूर्ण फी भरणाऱ्या मुलांच्या वर्गणीतूनच तो निघतो. माफी मिळालेल्या मुलाचा फोटो पुढच्या वर्षीच्या जाहिरातीवर लागतो आणि त्या फोटोकडे बघून आणखी मुले पूर्ण फी भरतात. साठ-सत्तर टक्क्यांचा मुलगा नव्वदवाल्याचा खर्च उचलतो, असा हा व्यवहार आहे. पालकांनी तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पूर्ण फी भरणारे घर बहुधा जास्त अडचणीतले असते.

अनुदानित महाविद्यालयाकडे असा खेळता पैसा नसतो. शिक्षकांचे पगार शासन देते, फी सरकारी चौकटीत बसवलेली आणि नाममात्र असते, शिल्लक उरत नाही. मग बक्षिसाला पैसा येतो तो ठेवीतून. गावातला एखादा व्यापारी, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी विद्यार्थी आईवडिलांच्या स्मरणार्थ काही रक्कम संस्थेकडे ठेवतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याजातून दरवर्षी विषयात पहिला येणाऱ्याला बक्षीस द्यायचे. महाराष्ट्रात ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून आहे. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती याच जातीची, आणि १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती. मात्र ठेव तशीच राहते आणि महागाई वाढत जाते. दहा हजारांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला सातशे रुपये येतात. ठेव ठेवली तेव्हा ही रक्कम मोठी वाटली असेल. आज स्नेहसंमेलनात पाकीट हातात पडते, टाळ्या होतात आणि त्यातून लातूरच्या मेसचा पंधरवडाही निघत नाही.

अभियांत्रिकीत ‘टीएफडब्ल्यूएस’ नावाची वेगळी वाट आहे. एआयसीटीईच्या या योजनेत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा भरतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तिथे शिकवणी शुल्क माफ असते. ६० जागांच्या शाखेत अशा तीन जागा. त्यांचा पैसा कुणीच देत नाही, कॉलेज तेवढी फी सोडून देते. वर्ग, प्रयोगशाळा आणि प्राध्यापक आधीच असल्याने तीन मुलांचा भार फारसा जाणवत नाही. मात्र जागा थोड्या आणि फी माफ, म्हणूनच या जागांचा कटऑफ सहसा खुल्या जागांपेक्षाही वर जातो.

बाकी सगळा भार सरकारी तिजोरीवर. आठवीतल्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ती परीक्षा उत्तीर्ण होऊनही यादीत न आलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी ही सरकारी संस्था ९,६०० रुपये देते. दहावीला ७५ टक्के मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. ती महिना ३०० रुपये, वर्षातले दहा महिने. गुणवत्तेचा गौरव म्हणून ही रक्कम लाजिरवाणी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत फीपरतावा मिळतो, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घरांतल्या मुलींची फी पूर्ण माफ झाली आहे.

यातला बराचसा पैसा महाडीबीटीच्या पोर्टलवरून जातो. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, नॉन क्रीमीलेअर, आधारला जोडलेले खाते असे सगळे लागते. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असतील तर हे कागद काढायला घरी आजीच असते. दिवाळीच्या सुमारास बीडमधून निघालेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात आणि फॉर्मची मुदतही बहुधा त्याच महिन्यांत येते. क्लासची फी भरण्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल पुढच्या हंगामातल्या कोयत्याने फेडायची, असा हिशेब अशा घरांत असतो. शिष्यवृत्ती कॉलेजची फी भरते. खोलीभाडे, मेस आणि पुस्तके याच उचलीतून निघतात. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. या दोन योजना नेमक्या याच खर्चाला हात घालतात.

पैशाची सोय झाली आणि गुणही असले, तरी जागा मिळेल याची खात्री पूर्वी नसे. २०२० पर्यंत मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागासाठी राखीव होत्या आणि ३० टक्के राज्यासाठी खुल्या. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, त्यामुळे इथल्या मुलाला राज्यातल्या इतरांपेक्षा जास्त गुण मिळवूनही बाहेर राहावे लागे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हे सूत्र रद्द झाले आणि बीडच्या मुलांना मुंबई-पुण्याची दारे गुणांवर उघडली. अंबाजोगाईची जागाही तेव्हापासून राज्यभरच्या मुलांसाठी खुली झाली.

सरकारी मेडिकलमधली फी प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने थोडी असते, उरलेले शासन भरते. त्याची परतफेड म्हणून पदवीनंतर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधन असते. त्या वर्षात कुणी डॉक्टर एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसतो तेव्हा समोरच्या रांगेत फडावरून परतलेली माणसेही असतात.