बटण दाबण्याआधी कान द्या!

बालमित्रांनो, आमच्या सावलीकडे धानाच्या बांध्या फार. पांदणीतून बैलगाडी हाकताना गाडीवान एकाच चाकाकडे बघत बसला तर काय होईल? दुसरं चाक शेजाऱ्याच्या धानात! हॅम रेडिओवर बोलणाऱ्यालाही अशीच काळजी घ्यावी लागते.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचं बिनतारी संदेशवहन. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि देशोदेशींच्या मित्रांशी गप्पा मारायच्या. पण ही नुसती हौस नाही बरं का! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारी भागात भूकंप झाला. हजारो माणसं दगावली. तेव्हा निरोप पोहोचवायला हॅम मंडळीही धावून गेली होती. अशा वेळी दुसऱ्या कुणी न ऐकताच त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला सुरुवात केली तर? 'औषधं पाठवा' हा निरोप गोंगाटात बुडून जाईल!

फ्रिक्वेन्सी म्हणजे रेडिओलहरींची जागा. प्रत्येक कामाला तिचा एकेक पट्टा वाटून दिलेला असतो. आपल्या देशात हॅमसाठी असलेला एक पट्टा ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा. मग यंत्रावर बरोबर ७ आकडा लावून बोललं तर चालेल का? नाही! इथं बोलताना आवाज आकड्याच्या खालच्या बाजूला पसरतो. त्याची रुंदी साधारण ०.००३ मेगाहर्ट्झ. म्हणजे आकडा ७ वर, पण अख्खा आवाज हद्दीबाहेर! आकडा हे गाडीचं एकच चाक. निदान ७.००३ च्या वर राहायला हवं. यंत्राचा आकडाही घड्याळासारखा थोडा चुकू शकतो, म्हणून आणखी थोडं आत राहिलेलं बरं. शिवाय पट्ट्याचा सुरुवातीचा भाग मोर्सच्या कट्ट-कडकट्टसाठी सोडायचा प्रघात आहे.

आणखी एक फसगत ऐका. अमेरिकेतल्या हॅमना ७.३ पर्यंत बोलायची मुभा आहे. त्यांच्यापैकी कुणी ७.२५ वर ऐकू आला, तरी आपण तिथं उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडे ती जागा रेडिओ प्रसारण केंद्रांची. ऐकू येतं तिथं बोलता येतंच, असं नाही!

हद्द पाळली म्हणजे झालं? छे! आधी थोडा वेळ ऐकायचं. मग विचारायचं, "ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरतंय का?" ऐकलं तरी विचारायचं कशाला? दोघं बोलत असतात, पण कधी कधी त्यातला एकच आपल्यापर्यंत पोहोचतो. तो गप्प बसून दुसऱ्याचं ऐकत असला, की आपल्याला जागा रिकामी वाटते. म्हणून दोन-तीनदा विचारायचं. "हो" असं उत्तर आलं, तर मुकाट्यानं दुसरी जागा शोधायची. संकटातले निरोप चालू असतील तर तिथं बटणाला हातच लावायचा नाही.

आता तुमच्यासाठी कोडं. हॅमचा दुसरा पट्टा १४ ते १४.३५ मेगाहर्ट्झचा. तिथं आवाज आकड्याच्या वर पसरतो, रुंदी तेवढीच. मग आकडा जास्तीत जास्त किती लावाल? आईबाबांनाही विचारा!

(उत्तर : १४.३४७. आणि थोडं आत राहाल, तर शहाणे!)