आई-बाबा वेगळे होणार, हे मुलांना कोणी सांगायचे?

सोलापूर, प्रतिनिधी - 'या वर्षी गड्ड्याला मला कोण नेणार?' आई-वडिलांचा घटस्फोट होणार हे समजल्यावर सात-आठ वर्षांच्या मुलाचा पहिला प्रश्न असाही असू शकतो. मोठ्यांना तो क्षुल्लक वाटतो. मात्र त्यामागे 'आता माझे काय होणार?' ही भीती दडलेली असते. या प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांनीच द्यायला हवे. पण नेमके तेच बोलणे अनेक घरांत टाळले जाते.

मग ही बातमी मुलाला नातेवाइकांच्या कुजबुजीतून किंवा शेजाऱ्यांच्या चौकशीतून कळते. सोलापुरात मराठीबरोबरच कानडी आणि तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ आहेत. मुलांना कळू नये म्हणून मोठी माणसे भाषा बदलतात. परंतु शब्द कळले नाहीत तरी सूर कळतोच. अर्धवट माहितीतून 'मी हट्ट केला म्हणून बाबा गेले' असा समज लहान मुले सहज करून घेतात.

काय सांगावे?

निर्णय पक्का झाल्यावर शक्यतो आई आणि वडील दोघांनी एकत्र बसून मुलांशी बोलावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कारणमीमांसा नको असते. आपण कोठे झोपणार, शाळा तीच राहणार का, बाबा कोणत्या दिवशी भेटणार, याची ठोस उत्तरे त्याला हवी असतात. 'यात तुझी काही चूक नाही' हे वाक्य एकदा नव्हे, वारंवार सांगावे लागते. थोरल्या मुलांचा राग ऐकून घ्यावा; त्यांना न्यायनिवाडा करायला लावू नये. 'पुन्हा एकत्र येऊ' अशी खोटी आशा दाखवू नये. मुलामार्फत निरोप पाठवणे, त्याच्यासमोर दुसऱ्याची निंदा करणे आणि भेटीनंतर त्याची उलटतपासणी घेणे कटाक्षाने टाळावे.

कायदा काय म्हणतो?

'काडीमोड' हा शब्द मराठीला नवा नाही. अनेक समाजांत ती रूढी होती. तेव्हाच्या मुंबई प्रांतात, म्हणजे सोलापुरातही, १९४७ च्या कायद्याने हिंदूंना घटस्फोटाचा हक्क मिळाला. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कायम झाला. या कायद्यानुसार परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यानंतर साधारणतः सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. मुलांची मानसिक तयारी करण्यासाठी हा काळ उपयोगी पडतो.

ताब्याच्या वादात मुलाचे हित सर्वोच्च मानले जाते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. समजत्या वयाच्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते, अशी तरतूद १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. मात्र अंतिम निर्णय न्यायालयाचाच असतो. त्यामुळे 'तुला कोण हवे ते तूच सांग' असे म्हणून मुलावर ओझे टाकू नये. त्याला पढवून ठेवणे तर अधिकच घातक. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाची सोय असते. पक्षकारांपैकी एकाने जरी मागणी केली, तरी कामकाज बंद दाराआड चालवावे लागते.

मदत केव्हा घ्यावी?

मूल अबोल झाले, अंथरूण ओले करू लागले किंवा शाळेत जाण्यास नकार देऊ लागले आणि ही लक्षणे काही आठवडे टिकली, तर समुपदेशकाचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर्गशिक्षकांनाही विश्वासात घ्यावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

न्यायालयाच्या हुकूमनाम्याने पती-पत्नीचे नाते संपते. आई-वडील आणि मुलाचे नाते त्याने संपत नाही. मुलाला सांगायचे ते हेच. आणि गड्ड्याला कोण नेणार, हे जानेवारी उजाडण्यापूर्वीच ठरवून त्याला सांगितलेले बरे!