पाऱ्याचा स्पर्श आणि चुंबकाची आज्ञा

विद्युत्प्रवाह जोडणे आणि तोडणे या दोन क्रिया वरवर पाहता इतक्या साध्या भासतात की, त्यांत शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे गुंतवून ठेवणारा एखादा बिकट प्रश्न दडलेला असेल, अशी शंकाही येत नाही. तथापि घन धातूचे दोन तुकडे परस्परांवर आदळले म्हणजे ते तत्काळ स्थिरावत नाहीत. काही सहस्रांश सेकंद ते उसळत राहतात आणि तेवढ्या अवधीत विद्युत् मंडल अनेकदा जुळते व तुटते. दिवा लावण्यास याचा अडथळा होत नाही. परंतु जेथे प्रत्येक स्पंद मोजावयाचा असतो, तेथे एकाच स्पर्शाची गणना अनेक स्पर्शांत होते. शिवाय मंडल तुटताना उडणाऱ्या ठिणगीने पृष्ठभाग वितळतो, त्यास खड्डे पडतात आणि अखेरीस दोन्ही तुकडे एकमेकांस चिकटून यंत्र निकामी होते. स्पर्श करणारा धातूच द्रवरूप ठेवला, तर या दोन्ही व्याधींचे एकदमच निवारण होते.

हा गुण पाऱ्याच्या अंगी उपजतच आहे. उणे ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठणारा हा धातू आपल्या नित्याच्या हवामानात सदैव द्रव असतो. १८२१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली, तेव्हा त्या फिरत्या तारेचा विद्युत्संबंध पात्रातील पाऱ्यानेच अखंड राखला होता. मात्र पाऱ्याचा विद्युत्‌रोध तांब्याच्या पन्नास पटींहून अधिक आहे. सबब शहाणा रचनाकार पाऱ्याकडून दूरवर प्रवाह वाहून नेण्याचे काम घेत नाही. घन धातूंच्या मधोमध त्याचा केवळ पातळ थर राखतो.

या विचारास अनुकूल असे घर अगोदरच तयार होते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली ‘रीड स्विच’ची कल्पना मांडली. काचेच्या बंद नळीत लोखंड व निकेल यांच्या संमिश्राच्या दोन लवचिक पट्ट्या असतात. नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडताच त्या चुंबकित होऊन परस्परांस आकर्षितात, आणि प्रवाह थांबताच स्वतःच्या लवचिकपणाने विलग होतात. दोन्ही धातू जवळजवळ समप्रमाणात घेण्याचे कारण असे की, त्या संमिश्राचे उष्णतेने होणारे प्रसरण काचेच्या प्रसरणाशी जुळते आणि सांध्यास तडा जात नाही.

त्याच प्रयोगशाळेत पुढील दशकात या नळीत पारा आला. नळीच्या तळाशी त्याचा लहानसा साठा ठेवतात आणि हलत्या पट्टीवर बारीक खोबणी कोरतात. समईच्या वातीतून तेल चढावे तसा पारा त्या खोबणींतून केशाकर्षणाने स्पर्शबिंदूपर्यंत चढतो. पट्ट्या जवळ येताच दोन्ही बाजूंचे पाऱ्याचे थर एकजीव होतात. मग आतील घन धातू किंचित उसळला, तरी मधला द्रव सेतू तुटत नाही. पट्ट्या विलग होताना तो सेतू ताणला जाऊन बारीक होतो व तुटतो, अधिकचा पारा तळाशी परततो, आणि पुढील स्पर्शासाठी नवा, निष्कलंक पृष्ठभाग सिद्ध होतो.

आतील प्रत्येक द्रव्याची निवड पाऱ्याच्या स्वभावास धरूनच करावी लागते. सोने, चांदी व कथील हे पाऱ्यात विरघळून पारदमेल बनतात, म्हणून ते स्पर्शबिंदूस अयोग्य. प्लॅटिनमवर पाऱ्याचा थर टिकतो, परंतु ते त्यात विरघळते अत्यल्प. नळीत हायड्रोजन वायू दाबाने भरतात. त्याने पृष्ठभाग गंजत नाहीत आणि ठिणगीही लवकर विझते. अशा बंदोबस्तातील रिले, म्हणजे वेटोळ्यातील प्रवाहाने उघडझाप करणारा स्विच, अब्जावधी वेळा चालतो आणि त्याचा स्पर्शरोध जवळजवळ स्थिर राहतो. टेलिफोन व तारयंत्रांच्या कारभारात, तसेच अतिशय तीव्र चढाचे स्पंद निर्माण करणाऱ्या प्रयोगशाळांतील उपकरणांत त्याला मानाचे स्थान मिळाले, ते याच गुणांमुळे. अर्थात पारा तळाशी परतावा यासाठी नळी जवळजवळ उभीच बसवावी लागते. तिरपेपणाची मुभा साधारणतः तीस अंशांचीच.

परंतु पाऱ्याची वाफ विषारी आहे, आणि काच ही फुटणारी वस्तू आहे. जपानमधील मिनामाता येथे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारद-संयुगाने मासे खाणाऱ्या रहिवाशांवर जे अरिष्ट ओढवले, त्याचे स्मरण नावातच वाहणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. काही मोजके अपवाद वगळता, पारायुक्त स्विच व रिले यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० नंतर बंद व्हावी, अशी तरतूद त्यात आहे.

आता गॅलियम, इंडियम व कथील यांचे उणे १९ अंशांच्या सुमारास गोठणारे संमिश्र पाऱ्याच्या जागी येऊ पाहत आहे. त्याची वाफ नगण्य असते. पण हवा लागताच त्यावर ऑक्साइडची साय धरते, ते काचेला चिकटते, आणि त्यातील गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्यास ठिसूळ करते. म्हणजे ऑक्सिजनविरहित नळी, न विरघळणारे धातू आणि पृष्ठताणाचा सूक्ष्म हिशेब, ही पाऱ्याने शिकविलेली सारी शिस्त येथेही पाळणे प्राप्तच आहे. तीत एका कलमाची भर मात्र अवश्य घातली पाहिजे: स्विच किती वर्षे चालेल याइतकाच, तो फुटल्यावर त्यातील धातू कोठे जाईल, हा प्रश्नही रचनेच्या पहिल्याच आराखड्यात विचारला गेला पाहिजे, कारण त्याच्या उत्तराची जबाबदारी रचनाकाराचीच आहे.